रेसिंगचे फोटो काढताय? या चुका टाळा, नाहीतर गाडी पार्क केल्यासारखी दिसणार

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला रेस वीकेंडला गेलात तर जाळीला चिकटून उभी असलेली मंडळी बघा, हातात एकेक भारी लेन्स असते आणि शटर बहुतेकांचं १/२००० वर, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतंच उघडणारं. डोक्यात गणित एकच, गाडी फास्ट म्हणजे शटर फास्ट. फोटो येतो पण एकदम शार्प, नंबर वाचता येतो, टायरवरचं कंपनीचं नाव पण वाचता येतं, आणि घोळ तिथेच झालेला असतो. चाक थांबलंय, मागचं गवत थांबलंय, गाडी कुणीतरी टो करून आणून ट्रॅकवर उभी केली असावी असं वाटतं.

जरा हिशोब करू, कारण हा एक हिशोब डोक्यात बसला की बाकीची अर्धी सेटिंग्ज आपोआप कळतात. ताशी २०० किमी म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. १/१००० सेकंदात गाडी सरकते जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. टायरचा घेर अंदाजे २ मीटर धरला तर चाकाचे सेकंदाला २७-२८ फेरे होतात, म्हणजे १/१००० मध्ये चाक फिरतं फक्त १० अंश, स्पोक दिसणारच ना. तेच १/१२५ ला चाक १०० अंशांपर्यंत नाही तरी ८० अंश तरी फिरतं, जवळपास पाव फेरा, स्पोक विरघळून जातात, आणि तुम्ही कॅमेरा गाडीबरोबर फिरवत असाल तर मागचं सगळं आडव्या रेघांमध्ये जातं. वेग फोटोत दिसतो तो असा.

म्हणून बाजूने जाणाऱ्या गाडीसाठी १/२५० पासून सुरू करा, चार-पाच बरे फोटो खिशात पडले की १/१२५, मग १/६०. पहिल्याच सेशनला १/३० वर उडी मारणारे खूप असतात, इन्स्टावर कुणाचा तरी तसला फोटो बघून आलेले, आणि दिवसाच्या शेवटी कार्डात नुसता रंगांचा फराटा. फॉर्म्युला एलजीबी ४ सारख्या सिंगल सीटरच्या सपोर्ट रेस असतात तेव्हा प्रयोग करा, मेन रेसला सेफ खेळा, हे माझं आपलं मत.

फोटो हललाय, पण नेमका कसा हललाय ते बघा

पॅनिंग, म्हणजे कॅमेरा गाडीबरोबर फिरवत फोटो काढणं, जमत नाही म्हणून लोक लेन्सला शिव्या घालतात. त्याआधी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झूम करून बघा, रोग तिथेच लिहिलेला असतो.

गाडी हललीये आणि मागचा जाहिरातीचा बोर्ड मात्र शार्प? म्हणजे बटण दाबताना तुम्ही थांबलात. ही सगळ्यात कॉमन चूक. क्लिकच्या क्षणी माणूस नकळत श्वास रोखून गोठतो. उपाय असा की बटण दाबल्यानंतरही गाडीबरोबर फिरत राहायचं, बर्स्ट (एका दमात निघणारी फोटोंची मालिका) संपली तरी. आणि पॅन सुरू करायचं ते गाडी लांब असतानाच, समोर आल्यावर नाही.

गाडी आणि बॅकग्राउंड दोन्ही आडवे हललेत म्हणजे तुमचा वेग आणि गाडीचा वेग जुळला नाही. इथे पाय बघा. पाय गाडी येते त्या दिशेला रोवले तर पुढे कंबर पिळून पिळून शेवटी झटका बसतो. पाय जिथे फोटो घ्यायचाय त्या दिशेला ठेवा, वरचं शरीर वळवून गाडीला लांबून उचला आणि मग सैल होत होत मधोमध या. फोटो तुमच्या सगळ्यात आरामाच्या पोझिशनमध्ये निघायला पाहिजे.

स्टिकरवरची अक्षरं वर-खाली डबल दिसतायत? बटण ठोसलं जातंय किंवा कोपर हवेत आहेत. कोपर छातीला लावा, मोनोपॉड (एकपायी स्टँड) असेल तर उत्तम, वरखाली होणं बऱ्यापैकी संपतं. इथेच स्टॅबिलायझेशनची, म्हणजे हाताची थरथर सांभाळणाऱ्या यंत्रणेची, पण एक भानगड आहे. कॅननच्या बऱ्याच टेली लेन्सवर मोड २ असतो, सोनीवर पण असतो, तो पॅनिंगसाठी, म्हणजे आडव्या हालचालीला तो आडवा येत नाही, फक्त वरखाली सांभाळतो. निकॉनचं व्हीआर, म्हणजे त्यांचं स्टॅबिलायझेशन, पॅन स्वतःच ओळखतं. ज्या लेन्सला असं काहीच नाही तिथे स्टॅबिलायझेशन बंद करून बघा, बऱ्याचदा फरक पडतो.

आणि ड्रायव्हरचं हेल्मेट शार्प पण मागचा विंग हललेला असेल तर टेन्शन घेऊ नका, ही चूक नाहीये. गाडी समोरून जाताना तिचा तुमच्याशी कोन बदलत असतो, त्यामुळे स्लो शटरला गाडीचा एकच भाग शार्प राहतो, जितके जवळ तितकं जास्त. फक्त तो एक भाग हेल्मेट असेल एवढं बघा.

प्रॅक्टिससाठी चेन्नई गाठायची गरज नाही. पुण्यात जंगली महाराज रोड वन-वे आहे, फूटपाथवर उभे राहा आणि रिक्षा, स्कूटर पकडा. हसू नका, ८ मीटरवरून ताशी ४० ने जाणारी रिक्षा आणि ४० मीटरवरून ताशी २०० ने जाणारी रेस कार, दोघींसाठी कॅमेरा अगदी सारख्याच वेगाने फिरवावा लागतो, गणित करून बघा. रिक्षावर १/६० जमलं की ट्रॅकवर १/६० ची भीती राहत नाही.

दुपारी फोटो पांढरे पडतायत, नाहीतर डागाळलेले येतायत

शटर प्रायॉरिटी (शटर तुम्ही ठरवता, अपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते कॅमेरा) लावली, १/६० ठेवलं, आणि डोक्यावर मद्रासचं ऊन. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ला कडक उन्हात १/१२५ साठीच जवळपास एफ/१६ अपर्चर लागतं (आकडा मोठा तितकं भोक छोटं), १/६० ला एफ/२२, आणि १/३० ला कॅमेऱ्याकडे देण्यासारखं काही उरतच नाही. मग एकतर फोटो ओव्हर होतो, व्ह्यूफाइंडरमध्ये अपर्चरचा आकडा लुकलुकत असतो पण गाडी येताना तिकडे कोण बघतंय, किंवा एफ/२२ वर निघतो आणि सेन्सरवरची सगळी धूळ आभाळात ठिपके होऊन दिसते, वर डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडतं ते वेगळं.

यावर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची प्रकाश कमी करणारी काळपट काच, हाच सरळ उपाय. एनडी ८ म्हणजे ३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), एफ/२२ चं थेट एफ/८ होतं. तो नसेल तर पोलरायझर लावा, दीडेक स्टॉप तोही खातो आणि काचेवरची, बॉनेटवरची चमक कमी करतो तो बोनस. पण ढग आले की काढायचा हे विसरू नका, नाहीतर आयएसओ उगाच वर चढतो.

एक्सपोजरचं अजून एक. पांढरी गाडी आली की कॅमेरा फोटो काळवंडवतो, काळी आली की उजळवतो, आणि समोरून हेडलाइट लावून आली तर मीटरची पूर्णच बोंब. ऊन स्थिर असेल तर सरळ मॅन्युअल करून टाका, डांबरावर मीटर करा, म्हणजे तिथला प्रकाश मोजून सेटिंग लावा, आणि विसरून जा. ढगाळ असेल तर मॅन्युअल शटर आणि अपर्चर, आयएसओ ऑटो.

फोकस जाळीवर जातोय

प्रेक्षकांतून शूट करताना जाळी येतेच, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या मोठ्या ट्रॅकवर तर स्टँडसमोर उंचच्या उंच जाळी. लेन्स जाळीला जितकी जवळ नेता येईल तितकी न्या, अपर्चर उघडा, आणि शक्यतो जाळीचा सावलीतला तुकडा शोधा, ऊन पडलेली जाळी कितीही ब्लर केली तरी धुरकट पडदा ठेवून जाते. आता हुशार वाचक म्हणेल की पॅनिंगला अपर्चर बंद आणि जाळीला उघडं, मग करायचं काय? म्हणूनच तर एनडी. शिवाय पॅन करताना जाळी फ्रेममधून सरकत असते, तिचे चौकोन पुसले जातात, कॉन्ट्रास्ट पडतो तेवढा एडिटमध्ये परत आणता येतो.

फोकस कंटिन्युअसवर हवा, म्हणजे गाडीबरोबर सतत बदलत राहणारा, निकॉन-सोनीत एएफ-सी, कॅननमध्ये सर्व्हो. खांब मध्ये आला की फोकस खांबावर उडी मारतो, त्यासाठी कॅननची ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी मायनसकडे न्या, निकॉनमध्ये ब्लॉक्ड शॉट रिस्पॉन्स डिलेड करा, मतलब कॅमेऱ्याला सांगायचं की बाबा थोडा धीर धर. पूर्ण फ्रेमचा ऑटो एरिया लावून ठेवू नका, छोटा झोन घ्या आणि तो हेल्मेटवर ठेवा. नव्या मिररलेसमध्ये व्हेइकल डिटेक्शन असतं, ते खरंच चांगलं चालतं, पण जाळीतून कधी कधी गांगरतं, तेव्हा बॅक बटण फोकस (फोकस शटरऐवजी मागच्या बटणावर) करून एखाद्या कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या रंगीत कडेवर, आधीच फोकस लावून ठेवायची जुनी पद्धत अजून कामाला येते.

समोरून येणारी गाडी हे वेगळं प्रकरण. तिथे चाकाची बाजू फारशी दिसत नाही आणि गाडी फ्रेममध्ये आडवी पळत नाही, त्यामुळे १/१००० चालेल. अडचण अंतराची असते, २०० च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला १० फ्रेमच्या बर्स्टमध्ये दोन फोटोंच्या मध्ये साडेपाच मीटर जवळ आलेली असते. ब्रेकिंग झोनच्या शेवटी उभे राहा, गाडी तिथे हळू झालेली असते आणि नाक दाबलेलं असतं, फोटोही जास्त चांगला दिसतो.

लांबच्या सरळ रस्त्यावरची गाडी थरथरल्यासारखी, पाण्यात बुडाल्यासारखी दिसत असेल तर लेन्स सर्व्हिसला देऊ नका, ती उष्णतेची झळ आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बुद्धला मोटोजीपी झाली तेव्हा उकाड्यामुळे रेस २४ वरून २१ लॅपची करावी लागली होती, असल्या हवेत दुपारी ६०० एमएमने लांबचा वळणाचा फोटो मागणं म्हणजे स्वतःचा छळ. सकाळची प्रॅक्टिस पकडा, उंचावर जा, किंवा जवळच्या वळणावर या.

चाकं लंबगोल आणि खांब तिरपे

सायलेंट शटर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, बंद करा. साध्या सेन्सरला फोटो वरून खाली वाचायला वेळ लागतो, तेवढ्यात गाडी पुढे सरकते, मग चाक अंड्यासारखं आणि पॅन करताना मागचे खांब वाकडे. निकॉन झेड ९, झेड ८ सारख्या स्टॅक्ड (खूप भरभर वाचणाऱ्या) सेन्सरला हे फार कमी होतं, सोनी ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर आहे, सगळा फोटो एकदम वाचला जातो, तिथे प्रश्नच नाही. बाकीच्यांनी मेकॅनिकलच वापरा. गंमत म्हणजे हा दोष शंभर वर्षांहून जुना आहे, लार्तीग नावाच्या फ्रेंच पोराने पहिल्या महायुद्धाच्या आधी फ्रेंच ग्रां प्रीमध्ये काढलेल्या फोटोत चाक पुढे कललंय आणि प्रेक्षक उलट्या बाजूला, कारण त्याच्या कॅमेऱ्यातली पडद्याची फट हळूहळू सरकत होती. तो फोटो आज जगप्रसिद्ध आहे. तुमचा होईलच असं नाही, तेव्हा मेकॅनिकल.

बर्स्टबद्दल थोडक्यात: बटण दाबून धरू नका. रॉमध्ये (कच्च्या, मोठ्या फाइलमध्ये) बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो, कार्ड स्लो असेल तर कॅमेरा अडकून बसतो आणि अपघात, ओव्हरटेक सगळं नेमकं तेव्हाच होतं. तीन-चार फ्रेम, थांबा, परत.

रात्रीची रेस आणि मातीतली रेस

२०२४ ला चेन्नईत आयलंड ग्राउंड्सच्या भोवती साडेतीन किलोमीटरच्या स्ट्रीट सर्किटवर नाइट रेस झाली, तशा ठिकाणी एका बर्स्टमधला एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसरा पिवळट असं होऊ शकतं. कॅमेरा बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, शटर १/१०० पेक्षा फास्ट झालं की तुम्ही त्या लाटेचा एक तुकडाच पकडता. अँटी-फ्लिकर चालू करा, किंवा सरळ १/१०० ला पॅन करा, तसंही पॅनच करायचंय. आयएसओ ३२००, ६४०० ला घाबरू नका, नॉइज काढता येतो.

मातीत मात्र वर सांगितलेलं बरंचसं उलटं. बालेवाडीला २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉस लीगची पहिली राउंड झाली, तसल्या ट्रॅकवर बाईक हवेत असते, मागच्या चाकाने उडवलेली ढेकळं हवेत असतात, तिथे १/१००० किंवा त्याच्या वरच जा, वेग ती माती दाखवते. जंपच्या फोटोत जमीन थोडी तरी दिसू द्या, नाहीतर किती उंच गेला ते कळतच नाही. नाशिककडे व्हायच्या तशा रॅलीत वारा कुठून येतोय ते आधी बघा, वारा धूळ नेतो त्या बाजूला उभे राहिलात तर पहिली गाडी सोडून एकही दिसणार नाही, लेन्स तिथे बदलायची तर अजिबात नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायचं नाही, गाडी सुटली तर तिकडेच येते. मार्शल शिट्टी मारून हलायला सांगतो तेव्हा एक शेवटचा फोटो वगैरे काही नसतं. आणि रायडरच्या तोंडावर फ्लॅश मारू नका.

निघायच्या आधी एंट्री लिस्टचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा, एकाच क्लासच्या गाड्या दिसायला जुळ्या असतात, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव तेव्हा जुळवलं नाही तर नंतर कुणी टीमवाल्याने फोटो मागितले की रात्रभर स्टिकर झूम करत बसावं लागतं.