एकच बातमी दोनदा मोजू नका

फिरत्या रोबोटांच्या ताफ्यावर वितरित मशीन लर्निंग करायला येणारे बरेच जण आल्याआल्या फेडरेटेड अ‍ॅव्हरेजिंग लावतात. जरा थांबा. त्या पद्धतीत मॉडेलं गोळा करून सरासरी काढणारा सर्व्हर असतो. इथे रोबोट वाटेत भेटतात, रेंजबाहेर जातात आणि प्रत्येकाने आपलाच कोपरा पाहिलेला असतो.

गणिताला घाबरू नका. गाउसियन प्रोसेस (अंदाजासोबत त्याची अनिश्चितताही सांगणारी पद्धत), थोडा ग्राफ सिद्धांत (कोण कुणाशी जोडलेलं, याचं गणित), कन्सेन्सस (शेजाऱ्यांशी बोलत एकमतावर येणं), चिकाटीने जमतं. माझा जीव खाल्ला तो दुसऱ्याच गोष्टीने.

समजा, अ आणि ब या दोन रोबोटांनी एकाच जागेचं तापमान आपापलं मोजलं. दोघांचा व्हेरिअन्स, म्हणजे अनिश्चिततेचं माप, ४. अंदाज जोडले की २, इथवर बरोबर. पुढच्या फेरीत दोघं तोच जोडलेला अंदाज एकमेकांना देतात आणि कोड त्यांना स्वतंत्र समजतो. झाला १. मग ०.५. नवं मोजमाप एकही नाही! मध्ये क आला की ओळखणं आणखी कठीण, कारण अ-ची माहिती ब, क असं फिरून परत येते आणि अ-ला ती परकी वाटते. खरा फटका मार्ग आखताना बसतो. अनिश्चितता जास्त तिकडे जा, असं प्लॅनरला सांगितलेलं असतं. खोट्या खात्रीमुळे अर्धवट पाहिलेल्या भागाकडे कुणी फिरकत नाही. नकाशा मात्र इतका गुळगुळीत दिसतो की शंकाच येत नाही.

ज्युलिअर आणि उलमन यांचं १९९७ चं कोव्हेरिअन्स इंटरसेक्शन, म्हणजे अंदाज एकमेकांवर किती अवलंबून आहेत हे माहीत नसतानाही ते जोडायची सावध पद्धत, यावर चालतं: आपलाच अंदाज परत आला तर ४ चे ४ च राहतात. पण वरची दोन खरोखर स्वतंत्र मोजमापंही ४ वरच अडकतात. ताफा लहान असेल तर मी म्हणेन, रोबोटचा क्रमांक आणि मोजमापाचा क्रमांक लावून कच्चा डेटाच पाठवा, दुबार आलेलं टाकून द्या. शोधनिबंधात हे शोभत नाही, पण चालतं.

सगळे दुवे कायम जोडलेले असलेल्या सिम्युलेशनवर विश्वास ठेवू नका. मार्गदर्शकही असा शोधा, जो आलेख पाहून खूश न होता लॉग उघडायला लावेल.

सुरुवात दोन रोबोटांनी करा. मुद्दाम नेटवर्क तोडा, पुन्हा जोडा. मग अंदाज आणि खरं मूल्य यांतल्या फरकाचा वर्ग भागिले रोबोटने सांगितलेला व्हेरिअन्स, याची सरासरी काढा. ती १ च्या आसपास हवी. फारच वर गेली, तर तिसरा रोबोट आणू नका.