चालू फॅशन रोजच्या वापरात कशी आणावी: लातूरच्या उन्हात, बोअरच्या पाण्यात आणि आपल्याच टेलरकडून

दर हंगामाला तोच सल्ला वाचायला मिळतो. एखादी ट्रेंडी वस्तू घ्या, बाकी साधं ठेवा आणि आत्मविश्वासाने वापरा. मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. सोळा वर्षं स्कूटीवरून जाते-येते आणि दरवर्षी नवं जे निघतं त्यातलं काहीतरी रोजच्या कपड्यांत आणते. मे महिन्यात दुपारी दोनला गंजगोलाईतून गाडी काढताना त्या सल्ल्यातला एक शब्दही उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतं ते कापड, आणि त्याहून जास्त टेलरने कापडावर मारलेली खडूची रेघ.

आधी बेतणी वेगळी काढा

पॅरिस-मिलानला उन्हाळी कपडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दाखवतात आणि हिवाळी फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिथला उन्हाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे आपल्याकडे पावसाळा. आपला उन्हाळा मार्चमध्येच सुरू होतो आणि मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. त्यामुळे फोटोतला कपडा जसाच्या तसा उचलू नका. त्यात तीन गोष्टी असतात: बेतणी (म्हणजे कपड्याचा कट), रंग आणि कापड. बेतणी बिनधास्त घ्या, रंग तपासून घ्या आणि कापड स्वतः ठरवा. सध्याचे ढगळ शर्ट, रुंद पायाच्या पँट, एकाच कापडाचे कोऑर्ड सेट ही बेतणी आपल्या हवेसाठी फार चांगली आहे, कारण अंगाला चिकटत नाही आणि वारा खेळतो. दहा वर्षांपूर्वी घट्ट लेगिंग्जची चाल होती तेव्हा इथल्या बायकांनी उन्हाळे कसे काढले ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून या वेळची फॅशन सोडू नका, असं मी प्रत्येकीला सांगते.

कापड

सुती, खादी, मलमल किंवा खरं लिनन. लिनन म्हणजे आपण ज्याची चटणी करतो त्या जवसाच्याच जातीच्या झाडाच्या खोडाचा धागा. आपल्याकडे जवस बियांसाठी पेरतात आणि धाग्यासाठी उंच वाढणारे वाण वेगळे असतात, म्हणून लिनन महाग पडतं. स्वस्तात 'लिनन' म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. दुकानदाराकडून कडेचे चार धागे मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळा. सुती किंवा लिनन कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. हे न करता मी एकदा ऑनलाइन पूर्ण सेट मागवला होता. दोन तासिका झाल्यावर पाठीवर पुरळ उठलं आणि तो सेट परत कधी घातला नाही.

खादीला जुनाट समजू नका. राष्ट्रध्वजाची खादी आपल्या नांदेड-उदगीरकडे तयार होते. त्याच भागातली साधी कोरी, म्हणजे ब्लीच न केलेली खादी ढगळ शर्टासाठी घेतली तर चार उन्हाळे आरामात जातात.

४४ इंच पन्ह्यात शर्ट आणि रुंद पँट मिळून ५ मीटर लागतं. शिवायला देण्याआधी ते पाण्यातून काढा: रात्रभर भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवा, इस्त्री करा. सुती कापड ४ टक्के जरी आटलं तरी ५ मीटरला २० सेंटिमीटर जातात. अस्तरही पाण्यातून काढाच. फक्त वरचं कापड काढलं आणि अस्तर तसंच राहिलं, तर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि वरचा कपडा गोळा होऊन लोंबतो.

ढगळ शर्ट बेतून घेणं

सगळं इथे बिघडतं. माझे सलग तीन शर्ट वाया गेले. कापड चांगलं होतं, टेलर चांगले होते, तरी प्रत्येक वेळी आरशात दुसऱ्याचा कपडा मागून घातल्यासारखं दिसायचं. कारण कळायला मला पूर्ण एक वर्ष लागलं. मी 'सैल शिवा' म्हणत होते आणि ते दोन साइज मोठा शिवत होते. दोन साइज मोठा शर्ट आणि ढगळ बेतलेला शर्ट या दोन संपूर्ण वेगळ्या वस्तू आहेत. 'एक्सएल घ्या, ओव्हरसाइज दिसेल' असं जे सांगतात त्यांनी हा शर्ट कधी शिवून घेतलेला नाही.

मोठ्या साइजमध्ये सगळंच वाढतं: गळा मोठा होतो, कॉलर मागे पडते, बाही बोटांवर येते. पण मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या जागेचा, आकार अंगाला बसणाऱ्या शर्टासारखाच राहतो, म्हणून काखेत कापड गोळा होतं. ढगळ बेतणीत गळा आणि मनगट तुमच्या खऱ्या मापाचं असतं आणि मधलं सैल असतं. नजर मानेवर आणि मनगटावर जाते, म्हणून कपडा मापाचा वाटतो.

माझी मापं देते, त्यावरून तुमची काढा. माझा खांदा साडेचौदा इंच आहे. ढगळ शर्टात शिवण दोन्ही बाजूंनी २ इंच खाली दंडावर उतरवायची, म्हणजे कापायचा खांदा साडेअठरा. छाती ३६, तयार शर्ट ४६. मुंढा एरवी साडेसात इंच खोल असतो, इथे साडेनऊ. आता सगळ्यात महत्त्वाचं. बाहीचा वरचा गोल, जो एरवी साडेचार-पाच इंच उंच कापतात, तो इथे फक्त २ इंच ठेवायचा. बाही जवळजवळ सपाट कापली गेली पाहिजे. हा गोल उंच राहिला तर खाली उतरलेल्या खांद्यावर कापडाचा फुगा येतो. माझे तीनही शर्ट याच फुग्याने गेले. आणि खांदा २ इंच उतरला म्हणून बाहीची लांबी २ इंच कमी करायची. ती कमी करायचं प्रत्येक टेलर विसरतो.

छातीवर टक्स नकोत आणि कंबरेत दाब नको. इथे टेलरशी वाद होणारच. माझे मास्टर तीस वर्षं अंगाबरोबर बसणारे ब्लाउज शिवतात, माप म्हटलं की त्यांचा हात आपोआप कंबरेकडे जातो. ते म्हणाले, "ताई, लई ढगळं दिसंल बगा. कंबरंत जरा घिऊ का?" मी दोनदा हो म्हटलं आणि दोन्ही वेळा शर्ट फसला. चौथ्या शर्टाला म्हटलं, "मास्टर, या वेळी माझ्या मनासारखं करा, बिघडलं तर माझं." फोनवरचा फोटो दाखवून भागत नाही, कारण फोटोत मुंढा दिसत नाही. वरची मापं कागदावर लिहून द्या आणि खडूची रेघ मारेपर्यंत तिथेच उभ्या राहा. अर्धा तास जातो, पण पाच मीटर कापड वाचतं.

पहिल्या वेळी थेट चांगल्या कापडाला कात्री लावू देऊ नका. दोन मीटर मांजरपाट घ्या, त्याचा शर्ट कच्च्या टाक्यांनी जोडून घ्या आणि दुकानातच घालून पाहा. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करा. मग उजवा हात फळ्यावर लिहिताना किंवा एसटीत दांडी पकडताना जातो तितका वर न्या. शर्ट कंबरेवरून दोन-तीन इंच उचलला जाईल, तेवढं चालतं. पोट उघडं पडत असेल तर मुंढा जास्त खोल गेला आहे, अर्धा इंच वर घ्या. मग मांजरपाट उसवा आणि त्यालाच फर्मा, म्हणजे बेतायचा नमुना म्हणून जपा. माझा फर्मा सहा वर्षांपासून मास्टरांच्या दुकानात खुंटीला टांगलेला आहे. त्यावरून त्यांनी अकरा शर्ट बेतले आणि आता ते स्वतःच शेजारच्या मुलींना सांगतात, "गळा मापात ठिवा, बाकी सोडा."

एक बारकावा. ४६ हे माप मलमल किंवा मऊ सुतीसाठी आहे. खादी जाड आणि ताठ असते, ती अंगापासून लांब उभी राहते. तिच्यासाठी छातीत १० ऐवजी ६ इंच सोडा. कांजी केलेल्या कापडाचा ढगळ शर्ट तर अजिबात शिवू नका.

रुंद पँट

कंबर बेंबीच्या पातळीला, पुढे सपाट पट्टा, मागे इलॅस्टिक. लांबी रोजची चप्पल घालून मोजा आणि जमिनीपासून एक इंच वर ठेवा. पावसाळ्यासाठी तीन इंच, कारण काळ्या मातीचा डाग सुती कापडातून पूर्ण निघत नाही. स्कूटीवर पायाचा घेर २२ इंचांपेक्षा जास्त नको. ओढणी आणि घेर दोन्ही गाडीवर बसण्याआधी आवरून घ्या, चाकात कापड जाणं जिवावर बेततं.

रंग आणि धुणं

दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करणाऱ्या पँटोन कंपनीने २०२५ साठी 'मोका मूस' हा तपकिरी रंग निवडला आणि २०२६ साठी 'क्लाउड डान्सर' हा पांढरा. तपकिरी आपल्याला अगदी सोयीचा, धूळ दिसत नाही. पांढऱ्याचं मात्र बोअरच्या पाण्यात जमत नाही. जड पाण्यात साबणाची वडी फेसाळत नाही. तिचा चोथा धाग्यांत बसतो आणि कपडा दोन महिन्यांत करडा पडतो. लोक मग नीळ वाढवतात, त्याने करडेपणा निळसर होतो, जात नाही. वडी बंद करा, डिटर्जंट पावडर वापरा आणि शेवटच्या बादलीत छोटा चमचा लिंबूसत्व टाका. टँकरचं गढूळ पाणी असेल तर तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या. खरं सांगायचं तर मी शुभ्र पांढरा घेतच नाही, कोऱ्या कापडाचा रंग घेते. तो त्याच घरातला दिसतो आणि बोअरचं पाणी सोसतो.

मीठ टाकून रंग पक्का होतो, हा सल्लाही सोडून द्या. कच्चा रंग मिठाने थांबत नाही. पहिले तीन वेळा वेगळं धुवा, तरीही पाणी रंगीत येत असेल तर तो कपडा कायम वेगळाच धुवायचा.

२०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हापासून मी प्रत्येक कपडा घेताना विचारते की हा किती बादल्या खाणार. बॅगी जीन्स याच कारणासाठी चांगली. डेनिम प्रत्येक वेळी धुवावी लागत नाही, डाग पुसा, सावलीत वारा द्या, चार-पाच वेळा घातल्यावर धुवा.

हिवाळा

सकाळी कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन, त्यामुळे स्वेटर नको, काढता येणारं बिनबाह्यांचं जॅकेट हवं. गोधडीसारखे टाके घातलेली जॅकेटं सध्या चालतात. विरलेली इरकल आणि आत मऊ जुनं लुगडं घेऊन ती घरीच होतात. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचं जॅकेट घेतलंत तर ते साध्या कोऱ्या शर्टावरच घाला. हिमरूत सुताबरोबर रेशीम असतं, त्याला घरी पाणी लावू नका. धडधाकट पैठणी कापून जॅकेट करण्याची चाल मात्र मला बघवत नाही. ती नेसा.

टेलरकडे कधी जावं

लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर नवीन बेतणीचं कापड देऊ नका, घाईत हात जुन्याच मापावर जातो. पितृपक्षात लोक नवे कपडे शिवत नाहीत, मास्टर मोकळे असतात आणि समोर उभं राहून रेघ मारू देतात. मी कापड श्रावणातच पाण्यातून काढून ठेवते, भाद्रपद पौर्णिमा झाली की देते, आणि घटस्थापनेच्या आधी शर्ट हातात असतो.