फेलोशिपच्या अर्जात आधी तलाव, मग सिद्धांत

भंडारा-गोंदियाकडच्या खेड्यांवर पीएचडी झाली असेल आणि ऐतिहासिक मानवशास्त्रातल्या व्हिजिटिंग फेलोशिपला अर्ज करायचा असेल, तर पहिल्याच परिच्छेदात सिद्धांत झाडू नका. एक कागद दाखवा. समजा, गावच्या वाजिब-उल-अर्जातली (गावच्या रूढी-हक्कांच्या नोंदपत्रातली) मामा तलावाची, म्हणजे माजी मालगुजारी तलावाची नोंद: पाणी आधी कुणाच्या धानाच्या बांधीला, तलावाची पाळ (मातीचा बांध) फुटली तर माती कुणी टाकायची. मालगुजारी (गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची मालकी) १९५१ मध्ये गेली, पण पाऊस दडी मारून बसला की पाळीवर भांडण त्याच हक्काचं होतं. निवड करणाऱ्याला हे समोर दिसलं पाहिजे. (वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून; तिथलं दप्तर वेगळं.)

मग फेलोशिप देणाऱ्या संस्थेच्याच शहरात का यायचं ते लिहा. ‘आपल्या संस्थेत शिकायला आवडेल’ हे वाक्य सरळ खोडा. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रांताची, नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे फायली नागपूर-भोपाळमध्ये विखुरल्या. इंडिया ऑफिसचं (ब्रिटिश सरकारच्या भारतविषयक खात्याचं) दप्तर मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. अर्ज लंडनला असेल तर तिथली नेमकी कोणती मालिका बघायची, तिच्या क्रमांकासह सांगा.

पीएचडीनंतरची पात्रतेची वर्षं कुठे पदवीच्या तारखेपासून मोजतात, कुठे मौखिकीपासून (व्हायवापासून). जाहिरात नीट वाचा. दीक्षान्त समारंभाची वाट पाहू नका, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आधीच काढून ठेवा. यजमान प्राध्यापकाला मुदतीच्या तीन महिने आधी अर्ध्या पानाचा मेल टाका. आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये परवानगीने काढलेल्या प्रत्येक फोटोला त्याच दिवशी फाइल नंबर द्या. महिन्याभराने कागदांचे सगळे बस्ते सारखेच दिसतात.