गाभण उंदराच्या मेंदूतलं टॉनिक निरोधन मोजताना

गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं. मेंदूत ५-अल्फा रिडक्टेज आणि ३-अल्फा-एचएसडी ही विकरं त्यापासून आणखी एक स्टेरॉइड, अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन बनवतात. गाबा हे चेतापेशींना शांत करणारं रसायन. सिनॅप्सबाहेरचे, म्हणजे चेतापेशींच्या जोडांबाहेरचे, डेल्टा उपघटकवाले गाबा-ए ग्राही चेतापेशीवर सतत हलका ब्रेक लावून ठेवतात; हेच टॉनिक निरोधन. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन तो ब्रेक आणखी आवळतं. त्यावर मेंदूचा तोडगा म्हणजे हे ग्राहीच कमी करणं. ग्राही थोडे, स्टेरॉइड भरपूर, आणि हिशोब जुळतो.

मेंदूचे पातळ काप काढून साध्या एसीएसएफमध्ये (कृत्रिम मेंदू-मेरुद्रवात) ठेवले की स्टेरॉइड धुऊन जातं, कमी झालेले ग्राही मात्र तसेच राहतात. मग काप अतिउत्तेजित दिसतो आणि ‘गर्भारपणात निरोधन घटतं’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मग्वायर, मोडी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हिप्पोकॅम्पसमध्ये नेमकं हेच दाखवलं: १०० नॅनोमोलर अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन परत घातलं की चित्र पूर्ववत होतं. म्हणून प्रत्येक गटाची मोजणी दोन्ही द्रावणांत करायची, स्टेरॉइडविना आणि स्टेरॉइडसह. एकाच द्रावणातला आकडा निरुपयोगी.

प्राणी: योनीत प्लग (समागमानंतरचा घट्ट गोळा) दिसला त्या सकाळपासून दिवस मोजा आणि १८व्या दिवशी काप घ्या. आणखी थांबू नका, कारण प्रसूतीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन कोसळतं. प्रसूतीनंतरचा गट ४८ तासांवर घ्या; तोवर ग्राही परत वर आलेले असतात. तुलनेच्या अगाभण माद्यांचं ऋतुचक्र योनिस्रावाच्या स्मिअरवरून रोज तपासा. डेल्टा ग्राही चक्रागणिकही वरखाली होतात, त्यामुळे सरमिसळ गट घेतला तर फरक त्यातच बुडून जातो.

काप ३५० मायक्रॉनचे, बर्फगार सुक्रोज द्रावणात. एसीएसएफ मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड १२६, पोटॅशियम क्लोराइड २.५, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड २, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.२५, सोडियम बायकार्बोनेट २६, ग्लुकोज १०. ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडा, तापमान ३२ ते ३४ अंश.

बहुतेक जण फसतात ते स्टेरॉइड हाताळण्यात. ३.१८ मिलिग्रॅम अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन १ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं की १० मिलिमोलर होतं. त्यातून डीएमएसओमध्येच १ मिलिमोलर बनवा आणि त्याचे १० मायक्रोलिटर १०० मिलिलिटर एसीएसएफमध्ये घाला. १०० नॅनोमोलर मिळतं, डीएमएसओ ०.०१ टक्के. ‘स्टेरॉइडविना’ द्रावणातही तेवढंच डीएमएसओ हवं. हे रेणू स्निग्ध असल्याने प्लास्टिकच्या नळ्यांना चिकटतात: पेशीपर्यंत कमी पोचतं आणि दुसऱ्या दिवशीच्या ‘शुद्ध’ द्रावणात झिरपतं. काचेची भांडी आणि टेफ्लॉनच्या नळ्या वापरा. एका कापात एकच पेशी मोजा, कारण वरून घातलेलं स्टेरॉइड लगेच पूर्ण धुऊन निघेल या भरवशावर राहता येत नाही. मात्राही वाढवू नका. मायक्रोमोलरच्या घरात ते गाबाशिवायच ग्राही उघडतं.

मोजणी डेंटेट गायरस या हिप्पोकॅम्पसच्या भागातल्या ग्रॅन्यूल पेशींत, पेशीचा दाब उणे ७० मिलिव्होल्टला धरून, पेशीला जोडलेल्या काचेच्या पिपेटमध्ये सिझियम क्लोराइड १४० मिलिमोलर. ग्लुटामेट थांबवायला कायन्युरेनिक आम्ल ३ मिलिमोलर. कापातला मूळचा गाबा वाहून जातो, म्हणून बरेच जण ५ मायक्रोमोलर गाबा घालतात. घातलात तर सर्व गटांत घाला. आधाररेषा स्थिर झाली की १०० मायक्रोमोलरहून जास्त गॅबाझिन द्या; ते गाबा-ए ग्राही बंद करतं. धारण-प्रवाह (दाब तिथेच धरायला लागणारा प्रवाह) जेवढा सरकतो तेवढा टॉनिक प्रवाह. ३० सेकंदांच्या तुकड्यांचे हिस्टोग्राम काढून गाउसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवा आणि उत्तराला पेशीच्या कपॅसिटन्सने भागा. सीरीज रेझिस्टन्स (पिपेट आणि पेशी यांच्या जोडातला रोध) २० टक्क्यांहून अधिक बदलला तर ती पेशी सोडा. गळती सरकली की नेमका टॉनिक प्रवाहच असल्यासारखी दिसते.

या पद्धतीत क्लोराइड तुम्हीच पिपेटमधून ठरवता. त्यामुळे पेशीतून क्लोराइड बाहेर नेणाऱ्या केसीसी२ या वाहकात काही बिघडलं असलं तरी ते इथे दिसणार नाही. तो प्रश्न असेल तर पेशीतलं क्लोराइड न बदलणारा ग्रॅमिसिडिन पर्फोरेटेड पॅच करावा लागतो, आणि त्यासाठी संयम हवा.

मेंदूतलं स्टेरॉइड कमी करायचं असेल तर ५-अल्फा रिडक्टेज अडवणारं फिनास्टेराइड वापरतात. त्याने पुरुष गर्भाला अपाय होतो, म्हणून गर्भवती सहकाऱ्यांनी ती पूड हाताळू नये.