मालकाने थुकपट्टी लावून दुरुस्ती केली, आता तुमच्याकडे काय काय तयार पाहिजे

दुरुस्ती करतच नाही तो मालक एकवेळ परवडला, पण "केली की, अजून काय पाहिजे" म्हणणारा जास्त डोकं खातो, कारण त्याच्याकडे मिस्त्रीचं बिल असतं आणि आपल्याकडे नुसती कुरकुर. भिंत ओली असतानाच पुट्टी ओढायची, वर डिस्टेंपरचा हात मारायचा, झालं काम, आणि पहिल्या दमदार पावसात पोपडे परत हातात. तर भांडायला जायच्या आधी जवळ काय काय असावं ते सांगतो, हे सगळं महाराष्ट्रातल्या घरांपुरतं.

आधी ॲग्रीमेंट बाहेर काढा आणि आपण नक्की कोण ते बघा. सगळेच स्वतःला भाडेकरू म्हणतात, पण ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवाल्याला कायदा साधारणपणे भाडेकरू धरत नाही, तो लायसन्सी, म्हणजे नुसत्या परवानगीवर राहणारा. पागडीवाला, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर वर्षानुवर्षं राहणारा, जुन्या चाळीतला, तो खरा भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, त्याचं कलम १४ सांगतं की घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम, आणि किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळात त्याने केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आता गंमत बघा, पागडीचं भाडं महिना ६०० असेल तर वर्षाचे ७,२००, त्याचा चौथा हिस्सा १,८००, यात मिस्त्री आणि बिगारी किती दिवस येणार? आणि ज्याचं भाडं २५,००० आहे, ज्याला या हिशोबाने ७५,००० कापता आले असते, तो नेमका लायसन्सी, त्याला या कलमाचा आधार नाही.

म्हणून चाळवाल्यांनी एकेकट्याने न जाता सगळ्यांच्या सह्यांची एकच नोटीस द्यावी, कायद्यात तशी सोय आहे, खर्च भाड्याच्या प्रमाणात वाटला जातो. आणि बिलं, व्हाउचर, हिशोबाची वही नीट ठेवा, कलम १४ मध्येच म्हटलंय की भाडेकरूने ठेवलेला हिशोब मालकावर बंधनकारक, सिमेंटच्या गोणीची पावतीसुद्धा टाकू नका. एक मात्र, दुरुस्तीच्या नावाखाली मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमचं बांधकाम करू नका, घर खाली करायला त्याला आयतं कारण मिळतं.

लायसन्सवाल्यांनी ॲग्रीमेंटमधली दुरुस्तीची ओळ शोधायची. बहुतेक मसुद्यांत बल्ब-नळ राहणाऱ्याचे आणि मोठी कामं मालकाची असं काहीतरी मोघम असतं, "मोठी" म्हणजे काय ते कोणी लिहीत नाही. लॉक-इन, म्हणजे मधेच घर सोडता येत नाही तो काळ किती आणि नोटीस पिरियड किती हेही त्याच बैठकीत वाचून घ्या, कारण शेवटी घर सोडायचं ठरलं तर तेच लागणार. ॲग्रीमेंट रजिस्टरच नसेल तर घाबरू नका, कलम ५५ प्रमाणे रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, आणि ते नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत.

आता पुरावा, इथे खरी मेहनत आहे. राहायला आलात त्या दिवसाचे फोटो, दुरुस्तीच्या आधीचे, काम चालू असतानाचे आणि परत गळल्यावरचे, एकाच कोपऱ्याचे, एकाच जागेवरून. काम चालू असतानाचा व्हिडिओ फार कामाचा, प्लास्टर न खरवडता वरूनच लेप दिला हे त्यातच दिसतं. बाथरूमची गळती असेल तर पाणी तुंबवून बघतात, म्हणजे वरच्या बाथरूमची जाळी कापड कोंबून बंद करायची, दोनेक इंच पाणी भरायचं, टाइलवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी खूण आणि खालचं छत दोन्हीचे फोटो घ्यायचे. खाली ओल आली म्हणजे टाइलच्या सांध्यात नुसतं ग्राउट भरून भागलेलं नाही. दुसऱ्या एखाद्या वॉटरप्रूफिंगवाल्याकडून लेखी कोटेशन घ्या, त्यात आधीचं काम कुठे चुकलं ते एका ओळीत लिहायला सांगा. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट ठेवू नका, चॅट एक्सपोर्ट करा आणि मूळ फोन विकू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

फ्लॅट सोसायटीत असेल तर पाणी येतंय कुठून ते आधी शोधा. बाहेरची भिंत, गच्ची, कॉमन पाइप यांची गळती आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीने बघायची, आतल्या संडास-बाथरूमची सदस्याने. पण सेक्रेटरी तुमचं ऐकून घेईलच असं नाही, सदस्य मालक आहे ना! तेव्हा सोसायटीला पत्र मालकाच्याच सहीने जाऊ द्या, मसुदा हवं तर तुम्हीच टाइप करून द्या, तो स्वतः बसून लिहिणार नाही.

मग नोटीस. फोनवर कितीही वेळा सांगितलं तरी ते हवेत जातं. साध्या मराठीत तारीखवार लिहा, अमुक दिवशी काम केलं, अमुक दिवशी परत गळलं, इतक्या दिवसांत नीट करून द्या, पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा. भाडं मात्र थांबवू नका, चिडून थांबवणारे बरेच असतात आणि मग मूळ गळती बाजूला राहते, थकबाकीदार तुम्हीच ठरता. बँकेतूनच भरा. मालकाने राग काढायला भाडेकरूचं पाणी-वीज तोडलं तर भाडे कायद्याचं कलम २९ आहे, ते तसं तोडता येत नाही. वाद मुंबईत असेल तर लघुवाद न्यायालयात जातो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही, तेव्हा ॲग्रीमेंट बायकोच्या नावावर असेल तर तिनेच अर्ज करावा.

आणि सोडायचंच ठरलं तर "डिपॉझिट मिळेपर्यंत हलत नाही" हा हट्ट मुदत संपल्यावर करू नका, लायसन्स संपल्यावर राहिलात तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट भाडं मागता येतं. त्यापेक्षा चावी आणि डिपॉझिट एकाच वेळी समोरासमोर ठरवा, ओली भिंत तेव्हाही व्हिडिओत घ्या म्हणजे रंगाचे पैसे तुमच्यातून कापता येणार नाहीत, आणि चावी मिळाल्याची मालकाची सही घेऊन ठेवा.