फुलं भरपूर, फळ एकही नाही: घरच्या टोमॅटोची वेळ आणि पाणी

घरच्या टोमॅटोचं निम्मं यश लावणीच्या वेळेत आहे. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या आणि रात्रीचं २४ अंशांच्या वर राहू लागलं, की परागकण निकामी होतात आणि फूल देठावरच्या गाठीपासून गळून पडतं. फेब्रुवारीअखेर नर्सरीतून आणलेलं रोप एप्रिलमध्ये हिरवंगार दिसूनही फळ देत नाही, ते यामुळे. अशा वेळी खत वाढवून काही होत नाही. महाराष्ट्रात गच्चीसाठी आणि परसासाठी खात्रीचा हंगाम हिवाळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बी टाकायचं, ऑक्टोबरच्या मध्यावर रोप लावायचं, म्हणजे डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत तोडे मिळतात. कोकणात पाऊस रेंगाळतो, तिथे सगळं पंधरा-वीस दिवस पुढे ढकला. जागा मात्र किमान सहा तास थेट उन्हाची हवी.

वाण निवडताना बोकड्या या रोगाचा विचार आधी करा. पानं आत वळून बारीक होतात, झाड खुरटतं; हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि त्यावर औषध नाही. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ बोकड्या, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना चांगला तोंड देतो. तो संकरित आहे, त्याचं बी धरू नका. बी घरचंच धरायचं असेल तर ‘पुसा रुबी’ किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘धनश्री’ घ्या.

बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका. त्याहून खोल नको. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं पुरतं. ट्रेवर पहिल्या दिवसापासून पांढरी माशी आत शिरणार नाही असं बारीक जाळीचं कापड ताणून ठेवा, कारण कोवळ्या रोपाला बोकड्या लागला तर झाड गेलंच. पाणी जास्त झालं की रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. पंचवीस दिवसांत चार-पाच पानं आली की रोप लावणीजोगं होतं.

एका झाडाला १४ इंची कुंडी किंवा १५ × १५ इंचांची ग्रो बॅग लागते. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड एकत्र करा. ज्या मातीत गेल्या वर्षी वांगी, मिरची, बटाटा किंवा टोमॅटो होता, ती घेऊ नका. मर आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) मातीतूनच येतात. रोप लावताना खालची पानं काढून खोड वरच्या पानांपर्यंत पुरा. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. कलमी रोप असेल तर उलट: जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे.

लावतानाच पाच-सहा फुटी बांबू रोवा, नंतर रोवला तर मुळं तुटतात. सुतळी खोड आणि बांबूमध्ये इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. उंच वाढणाऱ्या वाणात पानाच्या बेचक्यातून निघणारी बगलफूट बोटभर लांब असतानाच सकाळी मोडा. बुटक्या, झुडूपवजा वाणांची मोडू नका, फळं त्याच फांद्यांवर येतात.

आता पाणी. इथे सर्वांत जास्त झाडं बिघडतात. फळाच्या बुडाशी काळा, खोलगट चट्टा पडला की लोक अंड्याची टरफलं टाकतात. टरफलं विरघळायला महिने लागतात आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. ते पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं आणि मध्येच माती कोरडी पडली की फळाला तुटवडा होतो. दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतलं तर पिकत आलेली फळं तडकतात. बोट दोन इंच खुपसा, आत कोरडं लागलं तर पाणी द्या, सकाळी, बुडाशी, पानं न भिजवता. फळं लागल्यावर मोठ्या कुंडीला रोज साधारण दीड-दोन लिटर लागतं. वर दोन इंच उसाचं पाचट किंवा वाळका पाला पसरला तर ओल टिकते.

फुलं आल्यावर दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत पुरे. युरियाने नुसता पालाच वाढतो. बंद बाल्कनीत वारा नसतो, तिथे सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसामागे देठावर टिचकी मारा. पिवळी परागधूळ उडताना दिसते.

पांढऱ्या माशीसाठी झाडाच्या उंचीवर पिवळा चिकट सापळा लावा, आणि कडुनिंबाचं तेल ५ मिली, द्रव साबण १ मिली, पाणी एक लिटर असं संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. पानात पांढरट पारदर्शक डाग आणि आत अळी दिसली तर ती ‘टुटा’ ही टोमॅटोची पानं पोखरणारी अळी असू शकते; भारतात ही पहिल्यांदा २०१४ मध्ये पुण्याच्या भागात आढळली. अशी पानं पिशवीत बांधून उन्हात ठेवा, कंपोस्टात टाकू नका. खालच्या पानांवर एकात एक कडी असलेले तपकिरी डाग म्हणजे करपा; मातीपासून फूटभर पानं काढून टाका, म्हणजे पाण्याचे शिंतोडे उडून तो वर चढत नाही.

फळाच्या बुडाला गुलाबी झाक आली की तोडायला हरकत नाही, घरात ते नीट पिकतं आणि पक्ष्यांपासूनही वाचतं. पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत रंग आणि चव दोन्ही अडतात.