भाड्याच्या फ्लॅटसाठी कर्ज घेताय? या चुका टाळा

"भाड्यातूनच हप्ता जाईल हो, वर थोडेसेच घालायचेत." दुसरा फ्लॅट घेणाऱ्या बहुतेकांनी हे वाक्य घरात कुणाला तरी ऐकवलेलं असतं. मीही ऐकवलं होतं. कर्जातल्या निम्म्या चुका याच वाक्यापासून सुरू होतात, म्हणून आधी त्याचाच हिशेब मांडू.

समजा, पुण्यात धानोरीला 80 लाखांचा टू बीएचके आहे आणि भाडं 26,000 येतं. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, म्हणजे 64 लाख. 8 टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण 53,500. आता भाड्याकडे या. वर्षातला एक महिना फ्लॅट रिकामा जातोच. जुना भाडेकरू चावी देतो, रंग निघतो, एजंट माणसं दाखवायला आणतो. राहिले अकरा महिने, त्यांचे 2,86,000. त्यातून मेंटेनन्स 42,000, मिळकतकर 15,000, दलाली आणि रंगकाम सरासरी 23,000 धरा. हातात उरतात 2,06,000, म्हणजे महिन्याला 17,000. बाकीचे छत्तीस हजार खिशातून. याला आपण "थोडेसेच" म्हणत होतो.

हाच हिशेब उलटा केला तर जास्त कामाचा. 17,000 च्या हप्त्यात, याच व्याजाने आणि याच मुदतीत, कर्ज बसतं सव्वावीस लाखांचं. त्यापुढचा प्रत्येक लाख तुमचा पगार फेडणार. फेडू दे, त्यात गैर काही नाही. पण सही करण्याआधी ते माहीत असावं.

मिळकतकराचं एक राहिलंच. पुणे महापालिकेची 40 टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांसाठी आहे, भाड्याने दिलेल्या फ्लॅटला नाही. सोसायटीही नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, लावते. तो मात्र सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त मागितला तर सेक्रेटरींशी शांतपणे भांडा.

डाउन पेमेंटला पर्सनल लोन

80 टक्के कर्ज म्हटलं की लोक 16 लाख बाजूला ठेवतात आणि निश्चिंत होतात. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च त्या 80 टक्क्यांच्या हिशेबात धरला जात नाही. पुणे महापालिकेच्या हद्दीत पुरुषाच्या नावावर 7 टक्के, म्हणजे 5,60,000, आणि वर नोंदणीचे 30,000. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का वाचतो. बांधकाम चालू असलेल्या घराला 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी चार लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही.

मग शेवटच्या आठवड्यात धावाधाव होते आणि कुणीतरी पर्सनल लोन काढतं. व्याज जास्त, मुदत चार-पाच वर्षांची, त्यामुळे हप्ता मोठा. बँक पगाराच्या किती टक्के हप्त्यांत जातात ते बघते; पर्सनल लोन आधी काढलं तर गृहकर्जाची मंजुरीच खाली येते. त्याऐवजी राहत्या घरावर टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज, मिळतं का, एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज मिळतं का, हे आधी विचारा. टॉप-अपचे पैसे दुसऱ्या फ्लॅटलाच गेल्याचा बँकेतला माग जपून ठेवा, नाहीतर त्याच्या व्याजाची करातली वजावट सिद्ध करणं अवघड. आणि विकणारा "काही रक्कम रोखीत" म्हणाला तर सोडून द्या. त्या रकमेवर बँक कर्ज देत नाही, आणि पकडलं गेलं तर दंडही आहे.

व्याजदर आजचाच धरणं

ही चूक माझी. 2021 च्या सुरुवातीला मी 50 लाख घेतले, 7 टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता 38,765. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो) 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला आणि माझं व्याज साडेनऊवर. हप्ता मात्र तोच कापला जात होता, म्हणून मी निवांत. मग एके दिवशी स्टेटमेंट उघडलं: 38,765 पैकी व्याज 38,000, मुद्दलात साडेसातशे. त्या वेगाने कर्ज फिटायला अजून चाळीस वर्षं लागली असती. बँकेचं पत्र आलं, हप्ता वाढवा नाहीतर मुद्दल भरा. मी एफडी मोडली.

म्हणून हप्त्याचा हिशेब आजच्या दराला आणि त्याहून अडीच टक्के जास्त दराला, असा दोनदा करा. दुसरा आकडा बघून पोटात गोळा आला तर कर्ज कमी घ्या. ऑगस्ट 2023 पासून रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यायला लावली आहे. बँकेने आपणहून मुदत लांबवली तर गप्प बसू नका.

ताबा मिळेपर्यंत

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला भाडं नाही, पण उचललेल्या रकमेवर व्याज सुरू. "ताबा मिळेपर्यंत हप्ता बिल्डर भरेल" ही जाहिरात तुम्ही पाहिली असेल. बिल्डरने भरणं थांबवलं की थकबाकी तुमच्या नावावर आणि सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) तुमचा खराब, कारण कर्जाच्या करारावर सही तुमची असते. 2019 मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने हाउसिंग फायनान्स कंपन्यांना अशा योजनांपासून लांब राहायला सांगितलं. भाड्यासाठीच घ्यायचं तर भोगवटा पत्र, म्हणजे राहायला परवानगी, मिळालेला फ्लॅट बघा. थोडा महाग पडतो, पण पहिल्या महिन्यापासून भाडेकरू बसवता येतो.

"टॅक्स तर वाचतो"

तो कुठल्या करप्रणालीत आहात त्यावर आहे. भाड्यातून मिळकतकर आणि 30 टक्के सरसकट वजावट जुन्या आणि नव्या दोन्ही प्रणालींत जाते, व्याजही. व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं की फरक पडतो. जुन्या प्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो, उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो. नव्या प्रणालीत तो तोटा पगाराला लावता येत नाही आणि पुढेही जात नाही. आता तुम्ही काही निवडलं नाही तर नवी प्रणालीच लागू होते. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज पाच लाखांच्या वर आहे, नव्या प्रणालीत त्यातलं तीन लाखांहून जास्त असंच वाया जाईल. सल्ला देणारा मित्र कुठल्या प्रणालीत आहे ते आधी विचारा.

आधीच अडकला असाल तर

फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या गृहकर्जावर, कर्जदार व्यक्ती असेल तर, मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. बोनस आला की मुद्दलात टाका आणि हप्ता नाही, मुदत कमी करायला सांगा. हप्ताच डोईजड असेल तर उलट. दुसरं म्हणजे, कर्ज रेपोशी जोडलेलं आहे का ते बघा. ऑक्टोबर 2019 पासून बँकांच्या नव्या फ्लोटिंग गृहकर्जांना रेपोसारख्या बाहेरच्या बेंचमार्कशी जोडणं सक्तीचं आहे. जुनी कर्जं आणि हाउसिंग फायनान्स कंपन्यांची कर्जं मात्र त्यात आपोआप येत नाहीत. 2025 मध्ये रेपो 6.5 वरून 5.25 वर आला. तुमचा दर सव्वा टक्का उतरला नसेल तर शाखेत जाऊन दर बदलण्याचा अर्ज द्या, थोडी फी लागते. पुढच्या स्टेटमेंटमध्ये व्याजाचा आकडा हलला का ते मोबाइलवर नाही, कागदावर काढून बघा. मोबाइलवर फक्त हप्ता दिसतो, आणि मी तोच बघत बसलो होतो.